दोन बोटे माती

आपल्याकडे घरात नवा ट्रॅक्टर येतो तेव्हा तो नुसता यंत्र म्हणून येत नाही. घरची बाई त्याला हळदकुंकू लावते, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, बोनेटवर झेंडूची माळ चढते, आणि पेढा तोंडात टाकता टाकता जमलेली चार माणसे एकच प्रश्न विचारतात, ‘‘किती एचपीचा घेतला?’’ पंचेचाळीस म्हटले की माना डोलतात, पन्नास म्हटले की भुवया वर जातात. लग्नाच्या बैठकीत मुलाचा पगार विचारावा तसा हा प्रश्न. ट्रॅक्टरची सारी पत त्या एका आकड्यात.

या गर्दीत कोणी असे विचारल्याचे मी तरी कधी ऐकले नाही, की याचा हायड्रॉलिक पंप मिनिटाला किती लिटर तेल फेकतो? ते तेल किती दाबाने येते? आणि मुख्य म्हणजे, मृगात याच्या पाठीला जे पेरणी यंत्र जोडणार आहात, त्याचे आणि या लिफ्टचे जमते का? प्रश्न रूक्ष वाटतो खरा. रविवारच्या सकाळी चहा घेताना हायड्रॉलिकच्या तेलाची चर्चा कशाला, असेही कोणाला वाटेल. पण माझे म्हणणे असे आहे की मेहकर तालुक्यातल्या शेकडो घरांचे वर्षाचे गणित, मुलांची फी, मुलीचे लग्न, सोसायटीचा हप्ता, हे सारे दोन बोटे मातीवर उभे असते. आणि ती दोन बोटे माती बियाण्यावर नेमकी पडते की नाही, हे त्या तेलाच्या दाबाशी जाऊन भिडते. म्हणून हा विषय केवळ मिस्त्रीचा नाही, घराचा आहे.

दोन बोटे म्हणजे किती? कृषी विद्यापीठाच्या भाषेत तीन ते पाच सेंटीमीटर. सोयाबीनचे बी यापेक्षा खोल जाऊ नये, असे अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ वर्षानुवर्षे सांगत आले आहे. कारण साधे आहे. गहू किंवा ज्वारी उगवते तेव्हा बी जमिनीत राहते आणि सुईसारखा कोंब वर येतो. सोयाबीनचे तसे नाही. त्याची दोन्ही डाळिंबे, म्हणजे खुद्द बियाण्याचे दोन दळ, डोक्यावर घेऊन ते मातीतून वर येते. ओझे घेऊन जिना चढणाऱ्या माणसासारखे. जिना चार पायऱ्यांचा असला तर निभते. आठ पायऱ्या झाल्या, वर पाऊस पडून जमिनीला पापुद्रा धरला, की बिचाऱ्याची मान मोडते. आणि वरवर पडले तर? तेही वाईट. दोन दिवस ऊन पडले की वरची ओल उडते, बी फुगते आणि तिथेच कुजते, नाहीतर पाखरे वेचून नेतात. खाली मरण, वर मरण; मध्ये दोन बोटांची जागा जगण्याची.

आता हे मेहकरच्या जमिनीत बसवून पाहा. जुन्या वऱ्हाडाचे पयानघाट आणि बालाघाट असे दोन भाग मानत. पूर्णेच्या खोऱ्यातला सपाट, खोल काळ्या मातीचा तो पयानघाट. आणि घाट चढून वर आल्यावर लागणारा चढउताराचा मुलूख तो बालाघाट. मेहकर या वरच्या मुलखात, पैनगंगेच्या काठी वसलेले. इथल्या एका वावरात धुऱ्याकडे मुरमाड बरड, मधे मध्यम जमीन आणि नाल्याकडे चिकण काळी, असे तीन प्रकार पाच एकरांत भेटतात. काळी माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. बरडावर पेरणी यंत्राचा फण आदळतो, वर उचलला जातो. काळीत तोच फण लोण्यात सुरी शिरावी तसा शिरतो. यंत्र एकच, चालक एकच, दिवस एकच. पण बी एका टोकाला वर आणि दुसऱ्या टोकाला चार-पाच बोटे खाली. आठ दिवसांनी वावर पाहायला गेले की पट्टेपट्टे दिसतात. इथे दाट, तिथे टक्कल. मग घरात शब्द उमटतो, ‘‘बियाणं बोगस निघालं.’’

बियाणे बोगस नसतेच असे मी म्हणत नाही. २०२० च्या जून महिन्यात मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीन उगवले नाही म्हणून तक्रारींचा एवढा पाऊस पडला, की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्या आधीच्या वर्षी, २०१९ च्या ऑक्टोबरात काढणीच्या वेळी पाऊस झाला होता, सोयाबीन भिजले होते, बियाण्याचा कस गेला होता. ते खरेच आहे. पण बियाण्याचा दोष आणि खोलीचा दोष शेतात एकसारखाच दिसतो. दोन्हींत रोप दिसत नाही. फरक ओळखायचा तर बोटाने माती उकरून बी किती खाली आहे ते पाहावे लागते. ते बहुतेक वेळा पाहिले जात नाही. आणि दुबार पेरणी करताना तेच यंत्र, त्याच पद्धतीने, पुन्हा त्याच वावरात फिरते. एकरी तीस किलोच्या हिशेबाने दुसऱ्यांदा बियाणे मातीत जाते, आणि ते बहुधा उधारीचे असते.

पूर्वी हा प्रश्न नव्हता का? होता, पण त्याचे उत्तर माणसाच्या हातात होते, अक्षरशः हातात. तिफण आठवा. बैलांची जोडी, तीन फण, तीन नळे, वर चाडे, आणि चाड्यावर मूठ धरणारी बहुधा घरातलीच बाई. मागे तिफण धरणारा गडी रुमण्यावर हात ठेवून चालायचा. बरड लागले की त्याच्या तळव्याला कळायचे, तो भार टाकायचा. मऊ जमीन लागली की हात सैल सोडायचा. हे तो विचार करून करत नसे. सायकल चालवणारा जसा तोल विचार करून सांभाळत नाही, तसेच ते. जमीन बदलली की दाब बदलायचा, आणि खोली मात्र तीच राहायची. इंग्रज सरकारने पाठवलेले शेतीतज्ज्ञ व्होल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात इथल्या शेतकऱ्याच्या जाणकारीचे कौतुक केले, त्यामागे असेच पिढ्यांचे हात होते.

तिफण आता गोठ्याच्या आढ्याला लटकली आहे. बैलजोडी सांभाळणे परवडत नाही, तिफण धरणारा गडी मिळत नाही, आणि वाफसा दोन दिवसच टिकतो म्हटल्यावर ट्रॅक्टरला पर्याय नाही. याबद्दल गळा काढण्यात अर्थ नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष बाधते म्हणून लोक तो घेईनात, आणि पहिले नांगर विकायलाच दोन वर्षे लागली. आज आपण उलट्या टोकाला आहोत. शोरूममधून आलेले काहीही आपण न विचारता घेतो. तेव्हाची भीती जशी आंधळी होती, तसा आजचा विश्वासही आंधळाच आहे. तिफणीच्या रुमण्यावरचा तो हात ट्रॅक्टरमध्ये कुठे गेला, हे विचारायचे मात्र राहून गेले.

‘‘गेला कुठे? लिफ्ट आहे ना!’’ असे उत्तर मिळते. मेहकरच्या रस्त्यावर अवजारे दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीकाकांना मी हे विचारले तेव्हा ते हसले. म्हणाले, ‘‘भाऊ, नावातच हाय. लिफ्ट म्हंजे उचलनं. दाबनं कुठं लिवलं हाय?’’ माझ्या मते साऱ्या विषयाचे सार या तीन वाक्यांत आले. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांची लिफ्ट तेलाच्या दाबाने फक्त वर उचलते. खाली सोडताना तेल टाकीत परत जाते आणि यंत्र स्वतःच्या वजनाने खाली येते. लिफ्ट यंत्राला जमिनीत दाबत नाही. तरफ खाली ओढली की आपण यंत्र ‘दाबले’, हा अनेक चालकांचा समज चुकीचा आहे.

हे असे का, हे समजायला थोडे मागे जावे लागेल. आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरच्या पाठीला जी तीन दांड्यांची जोडणी असते, ती हॅरी फर्ग्युसन या आयर्लंडच्या माणसाची कल्पना. पहिल्या महायुद्धात त्याच्याकडे सरकारने ट्रॅक्टरची नांगरट सुधारण्याचे काम दिले. त्या काळी नांगर साखळीने मागे ओढला जाई. नांगर खडकात अडकला की ट्रॅक्टरचे तोंड वर उठे, ट्रॅक्टर मागे उलटे आणि चालक त्याखाली सापडे. फर्ग्युसनने नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरशी एकजीव केला, आणि नांगराला जास्त ओढ बसली की हायड्रॉलिक तो आपोआप थोडा उचलेल अशी युक्ती काढली. १९२० च्या दशकात त्याने पेटंट घेतले, १९३६ मध्ये ट्रॅक्टर बाजारात आणला, १९३८ मध्ये हेन्री फोर्डशी नुसत्या हस्तांदोलनावर करार केला आणि पुढे त्याच करारावरून कोर्टात भांडणही झाले. माणूस विक्षिप्त, पण त्याने किती चालकांचे जीव वाचवले याचा हिशेब नाही.

गंमत अशी की ही सारी योजना नांगरासाठी होती. ओढ वाढली की उचल, ओढ कमी झाली की खाली सोड. यालाच ड्राफ्ट कंट्रोल म्हणतात. नांगरटीला हे वरदान. पण हीच तरफ पेरणीच्या वेळी चालू राहिली तर काय होईल? बरड लागले, ओढ वाढली, यंत्र वर. मऊ काळी लागली, ओढ कमी झाली, यंत्र खाली. म्हणजे जिथे दाबायला हवे तिथे उचलले आणि जिथे सावरायला हवे तिथे सोडले. तिफणीवरचा गडी जे करायचा त्याच्या बरोबर उलट!

दुसरी तरफ पोझिशन कंट्रोलची. ती यंत्राला ट्रॅक्टरच्या तुलनेत एका उंचीवर धरून ठेवते. जमिनीच्या तुलनेत नव्हे. ट्रॅक्टरची पुढची चाके उंचवट्यावर चढली की ट्रॅक्टरचे नाक वर आणि शेपूट खाली. त्याबरोबर पेरणी यंत्रही खाली रुतते. शिवाय यंत्र असे टांगलेले असले की त्याचे जमिनीवर फिरणारे चाक कधी टेकते, कधी अधांतरी राहते. त्याच चाकावर बी पाडणारी साखळी चालते. चाक घसरले की बी पडायचे थांबते. तासात दोन-दोन हात मोकळे सुटतात, त्यातले काही या अधांतरी चाकाचे पाप असते.

तिसरा मार्ग, यंत्राला खोली राखणारी दोन चाके असतील तर तरफ पूर्ण खाली सोडून यंत्र मोकळे तरंगू द्यायचे. तिन्हींत हा बरा. चाके जमिनीचा चढउतार पाळतात, यंत्र त्यांच्यामागे जाते. पण इथे दाब फक्त यंत्राच्या वजनाचा. आणि ते वजन दिवसभर सारखे नसते. सकाळी पेटीत बी आणि खत भरलेले असते. दुपारी पेटी तळाला लागते. शंभर किलो वजन सहज कमी होते. जसजशी पेटी रिकामी, तसतसे बी वर. म्हणून काही ठिकाणी यंत्रावर मातीची पोती किंवा दगड ठेवतात. त्याला हसू नये. मोजमापाशिवायचा का होईना, तो दाब वाढवण्याचाच उपाय आहे.

बरी यंत्रे फणांना स्प्रिंग देतात. स्प्रिंग फणाला खाली रेटते, दगड लागला तर वर उचलू देते. पण स्प्रिंगचा एक स्वभाव आहे. जितकी दाबली तितकी ती जोरात रेटते. उंचवट्यावर ती आवळली जाते आणि जोर वाढतो. खळग्यात ती सैल पडते आणि नेमका तिथेच जोर घटतो. म्हणून परदेशात, विशेषतः न नांगरलेल्या कडक जमिनीत पेरणारी मोठी यंत्रे निघाली तेव्हा स्प्रिंगच्या जोडीला हायड्रॉलिक सिलिंडर आले. अमेरिकेतल्या जॉन डिअर कंपनीचे ७५० क्रमांकाचे पेरणी यंत्र हे त्याचे नावाजलेले उदाहरण. सिलिंडरात तेलाचा दाब कायम राखला, तर दट्ट्या वर असो की खाली, फणावरचा जोर तोच राहतो. तिफणीवरच्या गड्याचा हात इथे पुन्हा सापडला, असे म्हणायला हरकत नाही.

याचे गणित शाळेतले आहे. सतराव्या शतकात फ्रान्सच्या पास्कलने सांगितले की बंद भांड्यातल्या द्रवावर दाब दिला तर तो सगळीकडे सारखा पोचतो. पाच सेंटीमीटर व्यासाचा दट्ट्या घ्या. त्याचे क्षेत्रफळ साधारण साडेएकोणीस चौरस सेंटीमीटर. तेलाचा दाब दर चौरस सेंटीमीटरला ५० किलो धरला, तर दट्ट्यावर जवळजवळ ९८० किलोंचा जोर येतो. नऊ फणांत वाटला तर ढोबळ मानाने प्रत्येकी १०९ किलो. पण थांबा. पेरणी यंत्राचे वजन बी-खतासह ५०० किलो असेल तर ९८० किलोंचा जोर जमिनीवर पडेल कुठून? स्वतःच्याच चपला धरून कोणी स्वतःला उचलू शकत नाही, तसेच हेही. हायड्रॉलिक वजन निर्माण करत नाही. सांगाड्याचे वजन फणांवर सरकवते, एवढेच. जास्त दाब दिला तर फण खाली जाण्याऐवजी सांगाडाच वर उठेल आणि बी पाडणारे चाक पुन्हा अधांतरी. म्हणून यंत्राचे वजन पाहूनच दाब ठरवायचा असतो.

आता खरी अडचण, जिच्यामुळे ट्रॅक्टर आणि यंत्र यांची पत्रिका जुळवावी लागते. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना साधा गियर पंप असतो. इंजिन चालू आहे तोवर तो तेल फेकतच राहतो. काम नसेल तेव्हा ते तेल बिनदाब गोल फिरून टाकीत परत येते. सिलिंडरात दाब कायम ठेवायचा म्हणून चालकाने तरफ धरून ठेवली, तर सिलिंडर भरल्यावर तेलाला जायला वाट राहत नाही. मग सुरक्षेचा झडपा उघडतो आणि सारे तेल पूर्ण दाबाने त्यातून बाहेर पडते. घरातला प्रेशर कुकर आठवा. शिट्टी हाच तो झडपा. आतला दाब कायम राहावा म्हणून दिवसभर मोठ्या आचेवर शिट्टी वाजवत ठेवायची, असा हा प्रकार. मिनिटाला ३० लिटर तेल १५० बार दाबाने असे वाया गेले, तर साडेसात किलोवॅट, म्हणजे सुमारे दहा अश्वशक्ती नुसती उष्णता होते. एक किलोवॅटच्या सात-साडेसात शेगड्या तेलाच्या टाकीत लावल्यासारखे! तेल तापते, पातळ होते, सील जातात, पंप ओरडू लागतो. बऱ्याच ट्रॅक्टरांत हेच तेल गियरपेटीलाही वंगण म्हणून असते, तेव्हा नुकसान तिथवर जाते.

मोठ्या परदेशी ट्रॅक्टरांत वेगळा पंप असतो. हवा तेवढा दाब आला की तो आपणहून तेल कमी करतो आणि दाब धरून बसतो. तिथे हे यंत्र सुखाने चालते. म्हणून ‘तिकडे चालते मग इकडे का नाही’ हा प्रश्न फसवा आहे. सून गुणी आणि सासरही चांगले, तरी दोघांचे पटेलच असे नाही.

यावर उपाय आहे, आणि तो आकाशातला नाही. यंत्रावरच एक दाब कमी करणारा झडपा, एक एकमार्गी झडपा आणि एक संचयक बसवायचा. संचयक म्हणजे नायट्रोजन वायू भरलेली बंद बाटली. तेल आत शिरले की वायू आवळतो आणि फुटबॉलच्या ब्लॅडरसारखा तेलाला परत रेटत राहतो. चालकाने तासाच्या सुरुवातीला क्षणभर तरफ दाबायची, दाबमापकाचा काटा ठरलेल्या खुणेवर आला की सोडायची. पंप मोकळा फिरतो, दाब बाटली सांभाळते. फण वर-खाली झाले की वायू लवतो आणि जोर फार बदलत नाही. दाब गळतो आहे की नाही हे काटा सांगतो. मात्र ही जोडणी जाणत्या माणसानेच करावी. दाबाखालचे तेल बारीक छिद्रातून कातडी भेदून आत जाते, तेव्हा पाइपाची गळती बोटाने चाचपणे हा जिवाशी खेळ आहे. आणि तो वायू नायट्रोजनच हवा. ऑक्सिजन किंवा साधी हवा भरली तर तेलाशी मिळून स्फोट होऊ शकतो.

पण एवढे करूनही एक गोष्ट राहते. कायम दाब म्हणजे कायम खोली नव्हे. खोली ठरवते ते खोली राखणारे चाक. दाब फक्त ते चाक जमिनीला टेकलेले ठेवतो. गरजेपेक्षा जास्त दाब हाही दोषच. ओल्या काळीत जास्त दाबाने फण गेला तर तासाच्या दोन्ही भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. वाळल्यावर त्या मडक्याच्या कडेसारख्या कडक होतात आणि कोवळ्या मुळाला आडवे जाताच येत नाही. तिफणीवरचा गडी म्हणूनच हात सैल सोडायचा. दाबणे सोपे, कुठे दाबू नये हे कळणे कठीण. हे पेरणीला लागू आहे तसे घरालाही.

आता कोणी म्हणेल, मेहकरच्या पाच एकरवाल्याला हे सिलिंडर आणि संचयक काय कामाचे? त्याचे यंत्र साधे, तेही भाड्याचे. आक्षेप रास्त आहे. आपल्याकडच्या बहुतेक पेरणी यंत्रांना असे सिलिंडर नाहीतच. पण हा प्रश्न उद्याचा आहे आणि उद्या दारात आला आहे. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांची विना-नांगरणीची पद्धत राज्यभर चर्चेत आहे. २०१८ पासून राबवल्या गेलेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात बुलढाणा जिल्हा होता, आणि त्यातून रुंद वरंबा-सरीची, ज्याला सगळे बीबीएफ म्हणतात ती यंत्रे गावोगाव पोचली. नांगरट जसजशी कमी होईल तसतशी जमीन वरून कडक राहील आणि फण आत जायला दाब लागेल. तेव्हा यंत्र आधी आणि जाण नंतर, असे पुन्हा व्हायला नको.

आणि आजच्या साध्या यंत्रावरही पुष्कळ काही करता येते, बिनपैशाचे. ड्राफ्ट कंट्रोलची तरफ पेरणीला वापरू नये. खोलीची चाके असतील तर यंत्र मोकळे सोडावे. टॉप लिंक कमी-जास्त करून यंत्र मागून-पुढून समतल करावे. पेटी तळाला जाऊ देऊ नये. वेग ताशी चार-पाच किलोमीटरच्या पुढे नेऊ नये, कारण पळणारा फण उड्या मारतो. आणि पहिल्या दोन तासांनंतर ट्रॅक्टर थांबवून बरडावर, मधे आणि काळीत अशा तीन ठिकाणी माती उकरून बी पाहावे. दोन बोटे रुतली की बी लागले पाहिजे. आपल्या घरातल्या बाया पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून उगवण मोजतात. सत्तर उगवले तर बियाणे चालेल, हे त्यांना पाठ आहे. बियाण्याची परीक्षा घेणारे घर यंत्राची परीक्षा का घेत नाही? चाड्यावर मूठ धरणारी तीच बाई आज धुऱ्यावर डबा घेऊन उभी असते. तिच्या हाती खुरपे द्या आणि सांगा, बाई, उकरून पाहा. ती चालकापेक्षा नेमके सांगेल.

इथे भाड्याच्या दराचाही प्रश्न येतो. ट्रॅक्टरवाल्याला आपण एकरावर पैसे देतो. मग तो जितका पळेल तितके त्याचे कमाईचे एकर जास्त. वाफसा दोन दिवसांचा, गिऱ्हाइके वीस. तो थांबून माती उकरील कशाला? त्याला दोष देऊन भागणार नाही. सावकाश पेरणाऱ्याला एकरी चार पैसे जास्त देण्याची रीत गावाने पाडली पाहिजे. ते चार पैसे दुबार पेरणीच्या बियाण्यापुढे काहीच नाहीत.

बाकीचे काम सरकारचे आणि कंपन्यांचे. मध्य प्रदेशात बुदनी येथे ट्रॅक्टर तपासणारी केंद्र सरकारची संस्था आहे. तिच्या अहवालांत पंपाचा प्रवाह, झडप्याचा दाब, लिफ्टची ताकद हे सारे मोजलेले असते. ते आकडे शेतकऱ्याच्या हाती मराठीत का येऊ नयेत? शोरूममध्ये ट्रॅक्टरच्या किमतीशेजारी पोस्टकार्डाएवढ्या पाटीवर ते लिहिता येतील. पेरणी यंत्रावरही लिहिता येईल की याला किती प्रवाहाचा, किती दाबाचा आणि कोणत्या प्रकारच्या पंपाचा ट्रॅक्टर हवा. अनुदान देताना यंत्राची पावती पाहिली जाते. यंत्र तीन प्रकारच्या जमिनीत एकसारखी खोली राखते का, हेही पाहावे. आणि आयटीआयत शिकणाऱ्या पोरांना इंजिन खोलायला शिकवता तसे हायड्रॉलिकवर दाबमापक लावायलाही शिकवा. तालुक्याच्या गावी असे चार हात तयार झाले तरी पुष्कळ झाले.

शेती पावसावर, हे खरेच. पाऊस आपल्या हातात नाही, भावही आपल्या हातात नाही. म्हणून हताश होण्याची सवय आपल्याला इतकी लागली आहे, की जे हातात आहे तेही आपण नशिबाच्या खात्यावर टाकतो. बी किती खोल पडावे, हे नशिबाने ठरवायचे काम नाही. ते पूर्वी माणसाचा तळवा ठरवत होता, आज तेलाचा दाब ठरवतो, आणि तो दाब योग्य आहे का हे पाहणारे डोळे तर आजही माणसाचेच लागतात. पुढच्या मृगात तुमच्या ओळखीच्या कोणाच्या दारात नवा ट्रॅक्टर आला, तर पेढा जरूर घ्या, एचपीही विचारा. त्यानंतर एवढे मात्र अवश्य विचारा, की याची आणि पेरणी यंत्राची जोडी कोणी जुळवून पाहिली आहे का?